विंडोज ९८ चा लॅपटॉप घरच्या वायफायवर

लक्षण: ८०२.११बी (जुन्या पिढीच्या वायफाय) कार्डाला नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड टाकला तरी जोडणी होत नाही. ड्रायव्हर बदलून पाहिले, उपयोग शून्य. डोकं पार उठलं. माझ्या कार्डाला फक्त डब्ल्यूईपी (वायफायची जुनी, कमकुवत सुरक्षा) कळतं, राउटर डब्ल्यूपीए२ (त्यानंतरची, भक्कम सुरक्षा) वर. राउटरची सुरक्षा उतरवू नका!

छोटा ट्रॅव्हल राउटर घ्या. नव्या संगणकावरून तो क्लायंट मोडवर (म्हणजे दुसऱ्या वायफायला जोडून घेणाऱ्या सेटिंगवर) टाकून घरच्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायला जोडा. मग त्याच्या लॅन पोर्टातून केबल लॅपटॉपच्या इथरनेट कार्डात. कंट्रोल पॅनल, नेटवर्क, टीसीपी/आयपी: पत्ता 'आपोआप' ठेवा. विंडोजची सीडी मागेल, हाताशी असू द्या. रीस्टार्ट करून 'रन'मध्ये विनआयपीसीएफजी (winipcfg) टाइप करा, इथरनेट कार्ड निवडून 'रिन्यू'. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला (म्हणजे राउटरकडून पत्ता मिळाला नाही) तर केबल तपासा.

एचटीटीपीएस साइट्स जुन्या ब्राउझरात बहुतेक उघडत नाहीत. एफटीपी (फाइल आणण्या-पाठवण्याची जुनी पद्धत) मात्र झकास.