क्लोराइड काढायचंय? आधी आम्लाचा हिशेब मांडा

सांडपाण्यातलं क्लोराइड चिवट. चुना, तुरटी काहीही टाका, खाली बसत नाही. आरओ लावला तर रिजेक्टमध्ये, म्हणजे उरलेल्या टाकाऊ पाण्यात, साचतं. म्हणून संभाजीनगरला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन घेतलं, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाने पाण्यातला पदार्थ ओढून घेणं. केरोसीनमध्ये विरघळवलेल्या ट्रायऑक्टिलअमाइन या अल्कधर्मी सेंद्रिय रसायनाने क्लोराइड ओढायचं, सोड्याच्या द्रावणाने सोडवायचं, सॉल्व्हंट पुन्हा वापरायचं. एवढं तुम्हाला ठाऊक असेलच.

मी जिथे अडकले ते मात्र सावकाश वाचा. अमाइन नुसतं क्लोराइड घेत नाही; एका क्लोराइडमागे त्याला एक हायड्रोजन आयन लागतो. लिटरमध्ये 3,550 मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे 0.1 मोल. पाण्याचा पीएच 3 असेल तर हायड्रोजन आयन फक्त 0.001 मोल. मग सेपरेटिंग फनेल (दोन थर वेगळे करायचं काचपात्र) कितीही हलवा, अमाइन दुप्पट करा, निघणार लिटरमागे साधारण 35 मिलिग्रॅम. क्लोराइड मोजायला 10 मिली नमुना 0.1 मोलर सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट केलात तर ब्युरेटवर जेमतेम एका रेघेचा फरक! लिटमस लाल झाला म्हणजे आम्ल पुरेसं, असं अजिबात नाही. हलवून झाल्यावर खालच्या, म्हणजे पाण्याच्या, थराचा पीएच दर वेळी घ्या. चढला असेल तर आम्ल संपलंय. वाढवायचं ते सल्फ्युरिकनेच; हायड्रोक्लोरिक घातलंत तर काढायचं तेच ओतताय.

टायट्रेशनआधी तो थर न्यूट्रल करायला विसरू नका, आम्लात क्रोमेटचा लाल रंग (टायट्रेशन संपल्याची खूण) येतच नाही. सिनियरच्या जुन्या फाइलमधलं प्रमाण उचलू नका, त्याचं पाणी वेगळं होतं. आणि गाइड निवडताना मोठं नाव बघू नका; रोजची वही उघडून बघणारे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांना सोडू नका.

दोन थरांमध्ये तिसरा दाट थर दिसला तर घाबरू नका, बॅच वाया गेलेली नसते. अमाइनचा क्षार केरोसीनमध्ये मावत नाही, एवढंच. थोडं आयसोऑक्टॅनॉल (एक अल्कोहोल) घातलं की मिसळतो.

कारखान्यात नोकरीला लागलात तर स्पष्ट बोला: ही पद्धत झिंक सल्फेटसारख्या मुळातच आम्लधर्मी द्रावणाला शोभते. वाळूजच्या एखाद्या कारखान्याच्या न्यूट्रल सांडपाण्याला लावली तर आम्ल विकत घ्या, नंतर ते न्यूट्रल करा, आणि क्लोराइडच्या जागी सल्फेट सोडा. शिवाय पाण्यात थोडं अमाइन राहतंच, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. कार्बन फिल्टरचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.