स्पाइकला हात लावा आणि सोडा
व्हॅलोरंट या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये स्पाइक (म्हणजे बॉम्ब) लावल्यावर 45 सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला 7 सेकंद लागतात. पण 3.5 सेकंद भरले की अर्धं काम जमा. मग हात काढला तरी उरलेलं अर्धंच करायचं. (काउंटर-स्ट्राइक या तशाच गेममध्ये ही सवलत नाही.) साथीदार जिवंत असेल तर एकाने स्पाइकला नुसता हात लावून सोडायचा. निकामी करायला घेतल्याचा तो आवाज ऐकून लपलेला विरोधी गडी बहुतेकदा डोकावतोच. दुसऱ्याने त्या कोपऱ्यावर डोक्याच्या उंचीला आधीच नेम धरलेला हवा. दोघंही स्पाइककडे बघत बसलात तर उपयोग शून्य. समोरचा मुरलेला असेल तर पहिल्या आवाजाला हलणार नाही, अशा वेळी अर्ध्यापर्यंत खेचाच. आणि मेलेल्यांनी माइकवर गोंगाट करू नये, पावलं ऐकू येत नाहीत.