तोट्यातल्या शेअरची चौकशी कशी करावी

ओळखीचं कुणी आपला पोर्टफोलिओ, म्हणजे घेतलेल्या शेअरांची यादी, मला दाखवायला आणलं की मी आधी भाव बघत नाही. एकेका नावावर बोट ठेवून विचारतो, "हा का घेतला होता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "चांगला वाटला." मग त्या तोट्यातून शिकायचं तरी काय? नेमकं काय चुकलं हे ताडून बघायला हातात काहीच नसतं.

म्हणून शेअर घेण्याआधी लिहून ठेवा. साधी वही पुरते. तारीख, भाव, आपल्या एकूण पैशातला किती टक्के यात घातला, घेण्याचं कारण, आणि काय घडलं तर हे कारण खोटं ठरेल. शेवटचा रकाना सगळे टाळतात, पण खरा कामाचा तोच. समजा तुम्ही लिहिलंत: "कंपनी कर्ज फेडतेय, दोन वर्षांत ते निम्म्यावर येईल. कर्ज पुन्हा वाढलं तर विकणार." पुढे भाव 30 टक्के पडला, पण कर्ज उतरतंय, म्हणजे तुमचं कारण अजून शाबूत आहे. उलट भाव वर गेला आणि कर्जही वाढलं, तर नफा दिसत असला तरी अंदाज चुकलाच. अशी नफ्यातली चूक कुणी वहीत लिहीत नाही. तुम्ही लिहा.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य: "खरेदीभावाला आला की काढतो." टेरन्स ओडीन या अमेरिकी प्राध्यापकांनी एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासून 1998 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले धरून बसतात, असं त्यात दिसलं. आणि विकून टाकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त वाढले. यावर मी एकच प्रश्न विचारतो: या शेअरऐवजी तेवढी रोकड हातात असती, तर आज याच भावाला हाच शेअर घेतला असता का? उत्तर "नाही" असेल तर खरेदीभाव गेला खड्ड्यात. नवं कारण न लिहिता निव्वळ स्वस्त झाला म्हणून ॲव्हरेज करत जाणं, तोच शेअर आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणणं, म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

एवढं करूनही काही अंदाज चुकणारच. विविधता हवी, म्हणजे पैसे वेगवेगळ्या शेअरांत वाटलेले हवेत, ते त्यासाठी. हिशेब करून बघा. एका शेअरमध्ये 5 टक्के असतील आणि कंपनी पार बुडाली, तर उरलेल्या पैशाने साधारण 5.3 टक्के कमावले की मुद्दल जागेवर येतं. त्याच शेअरमध्ये निम्मे पैसे असतील तर उरलेले दुप्पट व्हावे लागतात. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी 2001 च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. त्याआधी, 2000 च्या अखेरीस, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांमधला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. नोकरीही गेली आणि म्हातारपणाची पुंजीही. ज्या कंपनीतून पगार येतो तिचे शेअर मी म्हणूनच सगळ्यात आधी कमी करायला सांगतो.

नुसती नावं मोजू नका. पंधरा शेअर आहेत म्हणणाऱ्याच्या यादीत सहा बँका, तीन गृहकर्जवाल्या, दोन सिमेंटच्या आणि दोन बांधकामाच्या कंपन्या निघतात. व्याजदर चढले की हे तेराही एकदम आजारी पडू शकतात. प्रत्येक नावापुढे लिहा, "कशाने पडेल?" एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं, तर ते सगळे मिळून एकच शेअर समजा. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1952 मध्ये हेच गणितात मांडलं होतं: शेअर एकमेकांच्या जोडीने कसे हलतात, त्यावर एकूण जोखीम ठरते.

देशालाही हाच नियम: सगळे पैसे एकाच देशाच्या बाजारात नकोत. जपानच्या शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरअखेर 38,915 वर होता. तो आकडा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण फार नाही.

"मग जिंकणारे चार हेरून तेच घेतो," असं कुणीतरी म्हणतंच. हेंड्रिक बेसेम्बाइंडर या अमेरिकी प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या 1926 ते 2016 पर्यंतच्या शेअरांचा हिशेब मांडला. सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या, म्हणजे ट्रेझरी बिलांच्या, वर झालेली सगळी निव्वळ कमाई जेमतेम 4 टक्के कंपन्यांनी करून दिली होती. ते 4 टक्के आधी ओळखता येत असतील तर खुशाल निवडा. नाहीतर मोठा भाग निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात ठेवा, म्हणजे ते आपोआप पदरात पडतात, आणि निवडीची हौस उरलेल्या छोट्या भागावर भागवा.

फक्त सगळा बाजारच कोसळला तर ही विविधता फारशी कामी येत नाही. 2008 मध्ये जवळपास सगळ्याच देशांचे शेअर एकत्र पडले. तीन-चार वर्षांत लागणारा पैसा त्यामुळे शेअरमध्ये घालूच नका, आणि वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा वेगळा लिहून ठेवा.