जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि डिझेल लाइन खोलताना या चुका टाळा

टाटाचा 1210 किंवा 1612 ज्यांच्या दारात अजून उभा आहे, ऊसाच्या सीझनला पळतोय, बाकीच्या वेळी विटा-खडी मारतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाड्या खोलून दुरुस्त करता येतात म्हणूनच एवढी वर्षं टिकल्यात. पण मालकाचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो बिघाड नक्की कुठे आहे हे न बघता आधीच पाना लावल्यामुळे. गाडी ओढत नाही म्हटलं की डिझेलचा पंप उतरवला, गिअर पडत नाही म्हटलं की बॉक्स खाली घेतला, आणि दोन दिवस गाडी उभी राहिल्यावर कळतं की दोष बाहेरच होता.

आरसी बुकावर भरवसा ठेवून पार्ट आणणं

टाटाच्या जुन्या नंबरात पहिले दोन आकडे साधारण एकूण वजनाचे टन आणि पुढचे दोन इंजिनच्या ताकदीचे, म्हणजे 1612 म्हणजे 16 टन आणि 120 हॉर्सपॉवरच्या आसपास. हे झालं आरसी बुकावरचं गाडीचं नाव. आत कुठला गिअरबॉक्स बसलाय ते यावरून कळत नाही, कारण 25-30 वर्षांत एखाद्या गाडीत भंगारातला दुसराच बॉक्स चढवलेला असतो आणि आत्ताच्या मालकाला त्याचा पत्ता पण नसतो. म्हणून आधी बॉक्सच्या अंगावर मातीच्या थराखाली रिव्हेट मारलेली प्लेट शोधा, वायर ब्रश मारा, डिझेलने पुसा, जीबीएस-40 किंवा जे काय असेल ते नीट वाचून फोटो काढा. प्लेट गेली असेल तर बॉडीवरचा ओतीव नंबर घ्या, पण तो फक्त कव्हरचा किंवा बॉडीचा असतो, आतले दाते त्याच सेटचे आहेत याची तो खात्री देत नाही.

खात्री दात्यांवरूनच होते. बॉक्स टेबलावर असेल तर क्लच शाफ्टवर (क्लचकडून बॉक्सात येणारा दांडा) आणि मागच्या फ्लँजवर (मागे बोल्ट लावायची चकती) खडूने खूण करा, पहिला गिअर टाका आणि फ्लँजचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत क्लच शाफ्ट किती फेरे फिरतोय ते मोजा, तोच तुमचा रेशो, म्हणजे त्या गिअरचं फेऱ्यांचं प्रमाण. खोललेला असेल तर दाते मोजा. समजा क्लच शाफ्टला 20, त्याला लागलेल्या काउंटर गिअरला (बॉक्समधल्या जोडशाफ्टवरचा) 40, पुढे काउंटरवरचा फर्स्ट 15 आणि मेन शाफ्टवरचा (चाकांकडे फिरणारा शाफ्ट) 45, तर 40 भागिले 20 गुणिले 45 भागिले 15, म्हणजे 6 झाला. दुकानात जाताना हे आकडे, क्लच शाफ्टचे स्प्लाइन (अंगावरच्या खाचा) किती आणि त्याचा व्यास, पायलट बेअरिंगचा (क्लच शाफ्टचं पुढचं टोक ज्यात बसतं) नंबर, फ्लँजच्या बोल्टांमधलं अंतर, एवढं कागदावर लिहून न्या आणि जुना तुकडा पण सोबत ठेवा. आणि जोडीतला एकच गिअर बदलू नका, झिजलेल्या दात्यावर नवा दाता चढवला की आवाज पण येतो आणि नवा पण लवकर खराब होतो.

गिअर पडत नाही म्हणून बॉक्स उतरवणं

आधी क्लच बघा. इंजिन चालू, गाडी उभी, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून 5-10 सेकंद थांबा आणि मग सावकाश रिव्हर्स टाका. अजूनही कडाकडा वाजतोय तर क्लच पूर्ण सुटत नाहीये किंवा पायलट बेअरिंग जाम आहे, बॉक्सचा काही दोष नाही. लिंकेजचे, म्हणजे लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या दांड्यांचे, बुश झिजलेले असले तरी लिव्हर पुढे गेल्यासारखा वाटतो पण आत गिअर सरकवणारा फोर्क पूर्ण सरकलेला नसतो, हे गाडीखाली जाऊन दुसऱ्याला लिव्हर हलवायला सांगितलं की डोळ्याला दिसतं.

गिअर निसटत असेल तर पण हाच क्रम धरा. लिंकेज, मग बॉक्सची फाउंडेशन आणि बेल हाउसिंगचे (क्लचवरचं कव्हर) बोल्ट, मग वरचं कव्हर काढून लॉकची स्प्रिंग आणि गोळी. हे सगळं ठीक असेल तरच आतले दाते, फोर्कची झीज आणि मेन शाफ्टचा पुढे-मागे प्ले. स्प्रिंग-गोळीचं काम बरेचदा बॉक्स न उतरवता होतं.

आवाज ऐकायची पण पद्धत आहे. न्यूट्रलमध्ये क्लचवर पाय नसताना गुरगुर आणि क्लच दाबला की बंद, तर क्लच शाफ्टचं किंवा काउंटरचं बेअरिंग. उलट फक्त क्लच दाबल्यावर आवाज, तर रिलीज बेअरिंग. ज्या बॉक्सात टॉप गिअर डायरेक्ट असतो त्यात बाकी सगळ्या गिअरला आवाज आणि टॉपला शांत असेल तर काउंटर शाफ्टकडे बघा, कारण टॉपला लोड त्याच्यावरून जातच नाही.

ऑइलच्या बाबतीत होणारं नुकसान

आवाज दाबायला जाड 140 ऑइल टाकतात, विकायला काढलेल्या गाडीत तर हमखास. सकाळी थंडीत गिअर पडत नाही आणि सिंक्रोमेशवाल्या बॉक्सात गिअरचे वेग जुळवणारी पितळी रिंग नीट पकडत नाही. मॅन्युअलमधला ग्रेडच टाका आणि डब्यावर जीएल-4 की जीएल-5 (गिअर ऑइलचे दर्जे) ते वाचा, काही जीएल-5 ऑइलमधली रसायनं पितळी रिंगला चालत नाहीत. ड्रेन करताना ऑइल थेट भंगार डब्यात ओतू नका, पसरट ट्रेमध्ये घ्या. सोनेरी चकाकी म्हणजे सिंक्रो रिंग झिजतेय, लोखंडी कचकच म्हणजे दाते किंवा बेअरिंग.

सील बदलला, परत गळतोय, परत बदलला, असं चाललं असेल तर बॉक्सवरचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं भोक, बघा. तो मातीने बंद झाला की गरम झाल्यावर आतली हवा बाहेर जायला जागा मिळत नाही आणि ती ऑइल सीलमधून ढकलते. तारेने साफ करायचं काम आहे, पण त्यावाचून क्लच प्लेट ऑइलने भिजून जाते.

डिझेल लाइन, इथे सगळ्यात जास्त घाई होते

गाडी चढाला दम तोडते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, मध्येच बंद पडते. पहिला संशय पंपावर जातो. पण पंपाच्या आधी टाकी, पाइप, जाळी, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), दोन फिल्टर एवढं सगळं आहे. आणि यात एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, तिथे फट असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडी ठाक दिसणारी लाइन पण दोषी असू शकते. बँजो बोल्टचे (पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) जुने दाबलेले तांब्याचे वॉशर परत वापरणं हे यातलं नेहमीचं कारण, दोन वॉशर नवे टाकायला जीव जातो काय.

तपास असा करा. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या आणि नवी नळी थेट फीड पंपाला जोडा. गाडी नीट चालली तर दोष टाकीकडच्या भागात. तरीही तसंच, तर रिटर्न लाइनला (जादा डिझेल परत नेणारी) तात्पुरती पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का बघा. आणि गाडी तास-अर्धा तास चालून बंद पडत असेल, टाकीचं झाकण सैल केल्यावर परत चालत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, त्यात पंपवाल्याला पैसे द्यायची गरजच नाही.

हवा काढताना पण क्रम पाळा, आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलचे (सिलिंडरात डिझेल फवारतं ते) नट सैल करून सेल्फ. लोक थेट नोझलपासून सुरू करतात आणि बॅटरी मारून टाकतात. चालू इंजिनवर एकेक नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते पण कळतं, आवाजात फरक पडला नाही तो मेलेला. मात्र बोट किंवा हात फवाऱ्यासमोर कधीच नेऊ नका. नोझल साधारण 200 बारच्या आसपास किंवा त्याहून वर उघडतं, तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. सुई टोचल्याएवढा डाग दिसला तरी लगेच दवाखान्यात जा, घरी हळद लावून बसू नका.

आता पंप उतरवायचाच असेल तर आधी त्याची प्लेट वाचा. मायको कंपनीच्या पंपावर पीईएस 6 ए 90 डी असं काही लिहिलेलं असतं. 6 म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाचा आकार, 90 म्हणजे प्लंजर, डिझेल दाबणारा दांडा, 9 मिलिमीटरचा. गव्हर्नरवर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) 300/1400 असेल तर ते पंपाचे फेरे, इंजिनचे नाहीत, फोर स्ट्रोक इंजिन दुप्पट फिरतं म्हणजे 2800. टेस्ट बेंचवाल्याला हा पूर्ण नंबर दिला तर तो बरोबर चार्ट लावतो, नाहीतर अंदाजाने डिझेल सोडतो.

आणि पंपाचं कंपनीचं सील तोडून डिझेल वाढवणं, हे तर बंदच करा. ताकद वाढल्यासारखी वाटते, काळा धूर निघतो, पिस्टन आणि हेड गरम होतात. काळ्या धुराला आधी एअर फिल्टर बघा. पांढरा धूर, टायमिंग म्हणजे डिझेल फवारायची वेळ मागे आहे का ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल जोडीने घासलेले असतात, त्यातला एक इकडे दुसरा तिकडे करून चालत नाही, आणि पुसायला गोणपाट किंवा कापूस वापरू नका, धागा आत गेला की काम संपलं. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइल मोजायच्या काडीला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाची दांडी किंवा एलिमेंट गळतंय, त्या अवस्थेत गाडी चालवली तर बेअरिंग उडतात, म्हणून लगेच थांबवा.

शेवटचं, बंद पडलेली गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढून नेणं. इंजिन बंद असताना काउंटर शाफ्ट फिरत नाही, वर ऑइल उडत नाही, आणि मेन शाफ्ट मात्र चाकांबरोबर फिरत राहतो, गिअरचे बुश कोरडे जळतात. खंबाटकी घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांचं पण थोडं असंच होतं, वरून इंजिनचा ब्रेक जातो तो वेगळाच. ओढायच्या आधी चाकामागे दगड लावा, बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचची खूण करा म्हणजे परत बसवताना शाफ्ट त्याच जागी बसेल, मग जॉइंट सोडून शाफ्ट चासीला बांधा आणि मगच गाडी ओढायला सांगा.