कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासताना या चुका टाळा

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०११८ दिसला की बरेच जण थेट नवा सेन्सर बसवून मोकळे होतात. हा कोड एवढंच सांगतो की सेन्सरच्या सिग्नलचं व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलंय. तुटलेली तार किंवा गंजलेली पिनही तोच कोड देते.

दोन पिनांचा सेन्सर असेल तर आधी वायरिंग तपासा. इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून कनेक्टर काढा. स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपास आकडा यायला हवा. मग हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगकडच्या कनेक्टरच्या) दोन पिना जम्पर वायरने जोडा. आकडा १३० अंशांच्या आसपास किंवा वर गेला, तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) ठीक आहेत, संशय सेन्सरवर. जोडूनही उणे ४० हलत नसेल, तर नव्या सेन्सरनेही फरक पडणार नाही. काही ईसीयू बिघाड दिसताच ठरावीक पर्यायी तापमान दाखवतात. तिथे स्कॅनरवर विसंबू नका, हार्नेसवर सुमारे ५ व्होल्ट येतात का ते मीटरने मोजा. या तपासणीत रेडिएटरचा फॅन सतत फिरू लागला तर घाबरू नका. इंजिन तापू नये म्हणून ईसीयूच तो चालू करतो.

सेन्सरचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजताना कनेक्टर लावलेलाच ठेवला, तर ईसीयूचं सर्किटही मोजमापात येतं आणि आकडा निरर्थक ठरतो. शिवाय फक्त थंड सेन्सर मोजून निकाल देऊ नका. तापमान वाढेल तसा याचा रेझिस्टन्स घटतो: बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते साडेतीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. नेमका तक्ता त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. सेन्सरचं टोक थर्मामीटरसोबत पाण्यात धरून पाणी हळूहळू तापवा. पिना कोरड्या राहू द्या आणि टोक भांड्याच्या तळाला टेकवू नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मधेच आकडा उडी मारत असेल, तर थंड आणि गरम अशी दोन्ही रीडिंग बरोबर असली तरी सेन्सर गेलेलाच समजा.

सेन्सर काढायचा तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम कूलंट दाबाखाली असतं. एका पिनचा सेन्सर स्वतःच्या आट्यांतूनच अर्थिंग (ग्राउंड) घेतो, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलीत तर चुकीचं रीडिंग तुम्हीच तयार केलंत. आणि कूलंट भरल्यावर हवा काढायला विसरू नका: टोकाभोवती हवेचा बुडबुडा अडकला, तर इंजिन तापत असतानाही सेन्सर कमी तापमान दाखवतो.