जुन्या गाडीचं सस्पेन्शन उघडायचंय? आधी योग्य हत्यार शोधा

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, हेराल्ड जिवापाड जपणारी माणसं पुण्यात आजही आहेत. पण त्या गाड्यांचं सस्पेन्शन (चाकांवरचे धक्के झेलणारी यंत्रणा) ज्यांच्या हातांना पाठ होतं, ते मिस्त्री आता कमी झालेत. मग काम जातं नव्या गॅरेजमध्ये. तिथे नव्या गाड्यांची हत्यारं असतात. ती बसली नाहीत की हातोडा, छिन्नी आणि शेवटी गॅसची ज्योत बाहेर येते. गाडीचा खरा घात तिथे होतो. त्यामुळे काम स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या, हत्यार ठरवण्याचं काम मात्र मालकाने आधी, शांतपणे करावं.

पायरी १ : गाडीखाली नेमकं काय आहे ते पाहा

दुकानात जाऊन ‘सस्पेन्शनचं टूल द्या’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण गाडीगणिक मांडणी बदलते. फियाट ११००च्या वंशातल्या प्रीमियर पद्मिनीला पुढे विशबोन (चाक धरणारे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). ॲम्बॅसेडर आली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून. तिला पुढे कॉइल नाहीच. तिथे टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा लांब पोलादी दांडा. स्टँडर्ड हेराल्डला पुढे कॉइल आणि तिच्या पोटात शॉकअप (शॉक अब्सॉर्बर), मागे एकच आडवा पाटा. म्हणजे ॲम्बॅसेडरवाल्याने स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर शोधत फिरणं व्यर्थ आहे. त्याला दांड्यावर आणि आर्मवर खुणा करायला पंच आणि रंग लागेल, लोअर आर्मखाली नीट बसणारा जॅक लागेल. दांडा ज्या बाजूचा त्याच बाजूला परत जायला हवा, आणि त्यावर छिन्नीचा ओरखडाही उठता कामा नये. पिळाखालचं पोलाद अशा ओरखड्यापासूनच तडकतं.

टॉर्चच्या उजेडात मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढा. वर्कशॉप मॅन्युअलचं पान मिळालं तर तेही बरोबर ठेवा.

पायरी २ : नट-बोल्ट मोजा, अंदाज नको

व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) घ्या, नटच्या समोरासमोरच्या सपाट बाजू मोजा आणि वहीत लिहा. फियाटची मापं मिलिमीटरमध्ये येतात, ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांची इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३चा पाना चढतो, थोडा फिरतोही, आणि गंजलेल्या नटवर जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी, त्याला १४ बसत नाही आणि १५ सैल होतो. पाऊण इंच मात्र १९.०५ मिमी, म्हणजे १९ची गोटी (सॉकेट) निर्धास्त लावा. १५/१६ला २४ चालते, कारण फरक पाव मिलिमीटरच्या आत आहे.

त्याहून जुन्या विलायती गाडीत व्हिटवर्थ मापं निघाली तर सावध राहा. त्या पान्यावरचा आकडा नटच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिमीच्या नटवर बसतो. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत कुणी कुठला बोल्ट बदलला असेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक नट वेगळा मोजायचा.

गोट्या सहा कोनांच्याच घ्या. बारा कोनांची गोटी पटकन बसते, पण कोपऱ्यावर धरते. मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टचे आटे नटच्या बरेच बाहेर आलेले असतात. साधी गोटी तिथे पोचत नाही, त्यासाठी लांब गोटी लागते. पाटे सुटे करायचे असतील तर मधला बोल्ट सैल करण्याआधी दोन भक्कम सी-क्लॅम्प लावा.

पायरी ३ : कॉइल स्प्रिंगचा कंप्रेसर

इथे तडजोड नाही. दबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडतो, जीवही जातो. तारेने बांधणं, साखळी गुंडाळून जॅक हळूहळू उतरवणं असले प्रकार करू नका, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी.

बाजारात सहज मिळतो तो बाहेरून आकडे लावायचा जोडीचा कंप्रेसर. तो नव्या गाड्यांच्या स्ट्रटसाठी, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र संचासाठी, बनलेला आहे. स्ट्रट बाहेर काढून बाकावर ठेवला की तो छान काम करतो. हेराल्डची स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बाहेर येतात, तिथेही तो चालू शकतो. पण दोन आर्मच्या मध्ये, पत्र्याच्या खोबणीत बसलेल्या स्प्रिंगला बाहेरून आकडा घालायला जागाच नसते. तिथे आतून लावायचा कंप्रेसर हवा : मधोमध जाड आट्यांचा दांडा आणि त्यावर स्प्रिंगचे वेढे आतून पकडणारे आकडे. शॉकअप काढल्यावर मोकळ्या झालेल्या भोकातून तो आत जातो.

म्हणून विकत किंवा भाड्याने घेण्याआधी चार मापं घ्या : स्प्रिंगचा आतला व्यास, तारेची जाडी, दोन वेढ्यांमधलं अंतर आणि शॉकअपच्या भोकाचा व्यास. आकडा तारेवर पूर्ण बसला पाहिजे, निम्मा नाही. दांडा वाकलेला किंवा आटे झिजलेले दिसले तर तो कंप्रेसर परत करा. आट्यांना ग्रीस लावा आणि हाताच्या पान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गन नको. जोडीचा असेल तर दोन्ही बाजू आळीपाळीने. स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड आणू नका, आणि दबलेली स्प्रिंग रात्रभर तशीच ठेवू नका.

गाडी उचलताना जॅकवर विसंबू नका, घोडे (गाडी पेलणारे पक्के स्टँड) लावा. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि ते भाराखाली खचतात. घोड्याखाली जाड प्लायवूडचा तुकडा हवाच.

पायरी ४ : टेपर पिन आणि बुश

टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) यांची निमुळती पिन सोडवून तोच जॉइंट परत वापरायचा असेल तर फाट्याचा, म्हणजे पाचरीसारखा ठोकायचा, पुलर वापरू नका, तो रबरी टोपी फाडतो. स्क्रूचा पुलर घ्या. त्याचा जबडा तुमच्या आर्मच्या जाडीवर बसतो का, ते दुकानातच पाहा. जॉइंट बदलायचाच असेल तर फाटाही चालेल.

बुशसाठी (आर्मच्या भोकात बसणारा रबरी तुकडा) तयार हत्यार शोधण्यापेक्षा बनवून घेणं मला सगळ्यात समाधानाचं वाटतं. पुण्यासारख्या शहरात ते सोपंही आहे. १२ मिमीचा हाय टेन्साइल, किमान ८.८ ग्रेडचा आट्यांचा दांडा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा मऊ दांडा नको, त्याचे आटे निम्म्या कामात सोलून निघतात. मग लेथवर दोन तुकडे करून घ्या. समजा बुशच्या बाहेरच्या कवचाचा व्यास ३४ मिमी आहे. ढकलणारा तुकडा ३३.५ मिमीचा करा, म्हणजे तो आर्मच्या भोकातून आरपार जाईल. पलीकडे बुश झेलणारी नळी आतून ३६-३७ मिमीची आणि जाड भिंतीची हवी. दोन जाड वॉशर, नट, आट्यांना ग्रीस. नवा बुश बसवताना जोर बाहेरच्या कवचावरच पडला पाहिजे. मधल्या नळीवर पडला तर रबर तिथेच उखडतं.

कुठे मिळेल

नव्या गोट्या, पुलर आणि सी-क्लॅम्पसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. बुश, जॉइंट आणि कोण काय भाड्याने देतं याची माहिती यासाठी नाना पेठ. जुना भाग हातात घेऊन जा, नाव सांगून चुकीचा भाग गळ्यात पडतो. इंची पाने नव्या दुकानांत कमी दिसतात. त्यासाठी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. पान्याचं तोंड पसरलेलं नाही ना, हे व्हर्नियरने तपासूनच पैसे द्या. लेथच्या कामाला भोसरी किंवा नऱ्हे-धायरीकडची छोटी वर्कशॉप्स बरी. मापं मिमीमध्ये कागदावर काढून न्या, आणि जमलं तर आर्मच घेऊन जा.

पायरी ५ : आवळताना

जुन्या मॅन्युअलमधले आकडे वेगवेगळ्या एककांत असतात. फूट-पौंडाला १.३५६ने आणि किलोग्रॅम-मीटरला ९.८१ने गुणा, म्हणजे न्यूटन-मीटर मिळतील. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) त्यावर लावा. रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबा आणि मगच शेवटचा जोर द्या. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. थोडी गाडी फिरवून यू-बोल्ट पुन्हा तपासा आणि त्यानंतरच अलाइनमेंटला न्या.