घाटात तापणारी जुनी एमजीबी

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणलेली एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार तापत असेल, तर रेडिएटर बदलण्याआधी ती नेमकी केव्हा तापते हे पाहावे. उभ्या गाडीत चढलेला तापमानाचा काटा वेग घेताच उतरत असेल, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात, म्हणजे पंख्यात, त्याच्या सैल पट्ट्यात किंवा खाऱ्या हवेने खाल्लेल्या जाळीत असतो. चढावरच काटा चढत असेल, तर पाण्याचा मार्ग तुंबल्याची शक्यता अधिक असते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या इंजिनात गंजाचा गाळ ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागच्या बाजूस साचतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेथील तोटी काढावी, छिद्र तारेने मोकळे करावे आणि तांबूस पाणी नितळ होईपर्यंत ब्लॉक उलट्या दिशेने धुवावा. केवळ रेडिएटर धुऊन समाधान मानणारे मेकॅनिक बरेच भेटतात. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) पातेल्यातील तापत्या पाण्यात धरून उघडतो का ते तपासावे. तो काढूनच टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले तरी इंजिन तापते. भरताना विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी व कूलंट समप्रमाणात घ्यावे आणि हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून अडकलेली हवा काढावी.